वेगळा ठेवलेला कचरा कुणाच्या कामी येतो? लखनौच्या निमित्ताने एक आढावा

जुलै २०२५ मध्ये ‘स्वच्छ सर्वेक्षण २०२४-२५’चे निकाल जाहीर झाले. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अहमदाबाद पहिले, भोपाळ दुसरे आणि लखनौ तिसरे आले. आदल्या सर्वेक्षणात लखनौ ४४व्या क्रमांकावर होते. इंदूर, सुरत, नवी मुंबई अशी सतत वर राहणारी शहरे या वेळी वेगळ्या गटात ठेवली होती, हे धरूनही ही झेप मोठीच म्हणायला हवी. जानेवारी २०२६ मध्ये शहराबाहेरच्या शिवरीत तिसरा कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. त्या वेळच्या सरकारी माहितीनुसार शहरात रोज सुमारे २,००० टन कचरा निघतो आणि प्रत्येकी ७०० टनांच्या तीन प्रकल्पांची क्षमता मिळून २,१०० टन होते. म्हणजे ताजा कचरा आता उघड्यावर पडून राहत नाही, असा महापालिकेचा दावा आहे.

शहर स्वच्छ झाले, तर त्याचा आनंद कुणालाही व्हावा. पण कचरा उचलला जाणे वेगळे आणि त्यातल्या वस्तू पुन्हा वापरात येणे वेगळे. पुनर्चक्रणाचे फायदे शाळेच्या पुस्तकापासून पालिकेच्या भित्तिपत्रकापर्यंत सगळीकडे सांगितले जातात: पैसा वाचतो, ऊर्जा वाचते, रोजगार मिळतो, परिसर निरोगी राहतो. यातला कोणता फायदा खरोखर घराला मिळतो, कोणता वस्तीला, कोणता पालिकेला, आणि त्यासाठी राबणाऱ्यांच्या हाती काय लागते? या प्रश्नावर गेली तीस वर्षे देशभर वाद सुरू आहे. लखनौने त्यातले बहुतेक टप्पे स्वतः अनुभवले आहेत, म्हणून हे शहर समोर ठेवून हा आढावा घेतला आहे.

जुनी सवय, नवा कचरा

टाकाऊतून टिकाऊ करण्याची सवय लखनौला बाहेरून लावावी लागलेली नाही. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये इथे छापखाना काढला आणि उर्दू, फार्सी, हिंदी, संस्कृत ग्रंथांचा मोठा कारखानाच उभा केला. एवढ्या छपाईला कागद हवा, म्हणून पुढे त्यांच्याच पुढाकाराने अप्पर इंडिया कूपर पेपर मिल उभी राहिली. त्या काळच्या गिरण्यांत कागदाचा लगदा गवताबरोबर चिंध्या आणि रद्दीपासूनही होई. गिरणी गेली, पण निशातगंजमधली पेपर मिल कॉलनी अजून आहे. जुन्या लखनौत नक्खासचा बाजार रविवारी भरतो. तिथे जुनी कुलुपे, यंत्रांचे सुटे भाग, भांडी, पुस्तके, कपडे असे काय काय मिळते. फाटक्या शालीचा धागा न् धागा जुळवून देणारे रफूगरही याच संस्कृतीतले. वस्तू महाग आणि श्रम स्वस्त अशा काळात काहीही सहज फेकले जात नसे.

१९९०नंतर कचऱ्याचा पोतच बदलला. दुधाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या आणि या भागात विशेष दिसणाऱ्या पानमसाल्याच्या पुड्या आल्या. दुधाची पिशवी कबाडी विकत घेतो. पानमसाल्याच्या पुडीत प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवणे परवडत नाही, म्हणून तिला कुणी हात लावत नाही. ती नालीत जाते आणि तिथून गोमतीत.

याच काळात प्रश्न न्यायालयात पोहोचला. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्या सुनावणीतून २००० साली शहरी घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करणे बंधनकारक केले, रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर स्वतः प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग आहेत. दर नियमावलीत वर्गीकरणाचा आग्रह वाढत गेला, पण वर्गीकरण करणाऱ्याला त्याबदल्यात काय मिळेल यावर नियम फारसे बोलत नाहीत. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे.

लखनौने आधीच शिकलेला धडा

या शहरात १९९०च्या दशकापासून मुस्कान ज्योती समितीसारख्या स्थानिक संस्थेने कचरावेचकांना सोबत घेऊन घरोघरचा कचरा गोळा केला, घरांकडून महिन्याला थोडे पैसे घेतले आणि ओल्या कचऱ्याचे खत केले. काम वस्तीच्या पातळीवरचे होते, पण कचरा वेगळा आला तर त्याचे खत होते आणि माणसांना काम मिळते, हे त्याने दाखवले.

दुसरा प्रयोग मोठा होता आणि त्याची चर्चा देशभर झाली. २००३ मध्ये लखनौत शहरी कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून ५ मेगावॅट वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. रोज सुमारे ३०० टन कचरा तो घेणार होता. भारतातल्या अशा पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी तो एक. पण अशा संयंत्रातल्या जिवाणूंना निव्वळ सडणारा कचरा लागतो, आणि प्रत्यक्षात माती, राडारोडा, प्लॅस्टिक मिसळलेला माल येत राहिला. प्रकल्प अल्पकाळातच बंद पडला. हे अपयश सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले गेले. मे २००५ मध्ये न्यायालयाने कचऱ्यापासून वीज करणाऱ्या नव्या प्रकल्पांचे अनुदान रोखले आणि तज्ज्ञ समितीकडून तपासणी करायला सांगितली.

पुढच्या वर्षांत खासगी कंपन्यांशी करार झाले आणि मोडले, आणि शिवरीत कचऱ्याचा डोंगर साचला. सरकारी आकड्यांनुसार जुना साठा सुमारे १८.५ लाख टन होता, त्यातला १२.८६ लाख टन जानेवारी २०२६ पर्यंत चाळून वेगळा झाला होता. गोमतीकाठच्या घैला भागात पूर्वी कचऱ्याचा ढीग होता. तिथे आज राष्ट्र प्रेरणा स्थळ हे स्मारक उभे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ढीग हलू शकतात, हे त्यातून कळले. मात्र चाळलेल्या जुन्या कचऱ्यातून मुख्यतः माती, राडारोडा आणि जाळायला योग्य असा चिंध्या-प्लॅस्टिकचा भाग निघतो. वर्षानुवर्षे कुजलेल्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही. तो फायदा कायमचा बुडाला.

साखळी कशी चालते

कबाड्याचा ठेला दारात थांबतो तेव्हा या साखळीचे पहिले टोक दिसते. हातातल्या तराजूत आधी वर्तमानपत्रे जातात, किलोमागे दहा-पंधरा रुपयांच्या घरात. मग पुठ्ठा, तो ओला नाही ना हे बोटाने दाबून बघून. लोखंड, पत्रा, पितळ यांचे भाव वेगळे. बाटल्या बहुधा चेपून, झाकण काढून, पोत्यात. काच तो नाखुशीनेच घेतो, कारण वजन फार आणि भाव कमी. मिठाईचा तुपकट खोका आणि चहाने भिजलेला कागद तो बाजूला सारतो. घराला वाटते की सगळा कागद सारखाच. कबाड्याच्या गोदामात माल निवडणाऱ्या बाईला ठाऊक असते की तेलाचा डाग पडलेला एक खोका गाठोड्यात गेला, तर सगळ्या गाठोड्याचा भाव पडतो.

गोदामातून हा माल उत्तर प्रदेशाच्या औद्योगिक नकाशावर पसरतो. काच आग्र्याजवळच्या फिरोजाबादेत, जिथे भट्टीत फुटकी काच घातली की वितळायला कमी आच लागते. रद्दी आणि पुठ्ठा मुजफ्फरनगरच्या कागद गिरण्यांत. पितळेचे भंगार मुरादाबादच्या भांडी घडवणाऱ्यांकडे. जुने लोकरी कपडे शेजारच्या हरियाणात पानिपतला, जिथे ते पिंजून त्यांचे सूत आणि पुढे ब्लँकेट होते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवे काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून डब्याचा पत्रा रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही. यातला मोठा फायदा लखनौच्या हद्दीबाहेर, गिरणी आणि भट्टीच्या हिशेबात जमा होतो, आणि लखनौच्या घराला दिसतो तो फक्त तराजूपुरता.

भारतीय शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. जूनमध्ये मलिहाबादचा दशहरी आंबा बाजारात उतरला की साली आणि कोयांनी बादल्या जड होतात. हा ओला भाग सुक्यात मिसळला तर कागद आणि पुठ्ठा वाया जातो, आणि बंद ढिगात कुजला तर मिथेन सुटतो. वेगळा ठेवला तर त्याचे खत किंवा गॅस होतो. देवळांतल्या निर्माल्याचाही असाच वापर झाला आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, वाहिलेल्या फुलांपासून उदबत्ती करण्याची पद्धत तयार केली आणि चंद्रिका देवी मंदिराच्या परिसरातल्या महिलांना ती शिकवली. जो कचरा उगमापाशी वेगळाच असतो, त्याचे मोल किती पटकन उभे राहते याचे हे चांगले उदाहरण आहे.

पहिली भूमिका: घर हाच पाया

या वादातल्या पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की सगळे घरापासून सुरू होते. बादल्या वेगळ्या असतील तर पुढची यंत्रे चालतील, नाहीतर नाही. २००३चा प्रकल्प हा त्यांचा हुकमी पुरावा. ही मंडळी घराच्या फायद्यात नुसते रद्दीचे पैसे धरत नाहीत. चार माणसांच्या घरात रोज किलोभर ओला कचरा निघतो. गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात त्याचे खत केले तर बादलीला वास येत नाही, माशा आणि भटकी जनावरे कमी होतात, कुंड्यांना खत मिळते आणि गाडी एक दिवस चुकली तरी घर अडत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातली छोटी शहरे या मताला बळ देतात. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरांतून वेगवेगळा कचरा घेण्याची शिस्त बसली. त्याचे पुढे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण होऊ लागले, जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग झाली, आणि लोक तिकीट काढून ती बघायला येऊ लागले. पणजीत कचऱ्याचे सोळा प्रकारांत वर्गीकरण होते. या शहरांत लोकसंख्या कमी, अधिकारी आणि नागरिक एकमेकांना ओळखणारे. २०११च्या जनगणनेत २८ लाखांची वस्ती असलेल्या आणि आज ११० वॉर्डांत पसरलेल्या लखनौला हे जसेच्या तसे जमेल का, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर या पक्षाचे उत्तर असे की प्रत्येक वॉर्डाला वेंगुर्ला समजा आणि सुरुवात करा.

यातला अवघड मुद्दा मोबदल्याचा आहे. वर्गीकरणाचे श्रम घरात बहुधा बाईच्या किंवा घरकाम करणाऱ्या ताईच्या वाट्याला येतात आणि त्याची गणती कुठेच होत नाही. म्हणून काही जण दंडाऐवजी परताव्याचा मार्ग सुचवतात. तमिळनाडूत निलगिरीमध्ये दारूच्या बाटलीवर १० रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली आणणाऱ्याला ते पैसे परत देण्याची पद्धत बसली. गोव्याने २०२४ मध्ये बाटल्या-वेष्टनांसाठी अनामत योजना अधिसूचित केली. याउलट उत्तर प्रदेशाने २०१८ मध्ये, महाराष्ट्राच्या पाठोपाठ, पातळ पिशव्यांवर बंदी घातली होती. बंदीला सतत पाळत लागते, अनामत मात्र ग्राहकच राखतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

दुसरी भूमिका: मोठा प्रकल्प, एकच जबाबदार यंत्रणा

दुसरा पक्ष पालिकेच्या अभियंत्यांचा आणि नियोजकांचा. २,००० टन कचरा सदिच्छेवर हलत नाही, असे ते म्हणतात. त्याला गाड्या, वजनकाटे, चाळण्या, जागा आणि करारातली जबाबदारी लागते. शिवरीत आलेल्या मालाचे ओला आणि सुका असे भाग होतात. ओल्याचे खत किंवा गॅस होतो. सुक्यातला विकण्याजोगा भाग बाजूला निघतो, उरलेल्याचे इंधन करून ते सिमेंटच्या भट्ट्यांकडे जाते.

या भूमिकेमागे वस्तीच्या हिताचा खरा विचार आहे. ढिगाला आग लागली तर धूर आसपासच्या गरीब वस्त्यांत जातो, पावसाळ्यात ढिगातून झिरपणारे काळे पाणी त्यांच्या हातपंपात उतरते. जिथे कचरा साचत नाही, तिथे जमिनीचा भाव आणि माणसाचे आयुष्य दोन्ही सुधारते. इंदूरने फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेणारे बायो-सीएनजी संयंत्र सुरू केले आणि त्या गॅसवर शहराच्या बस धावू लागल्या. मोठा प्रकल्पही वेगळ्या आलेल्या कचऱ्यावर चालतो, हे इंदूर दाखवते. म्हणजे या पक्षाचे यश पहिल्या पक्षाच्या यशावर उभे आहे, आणि प्रामाणिक अभियंते ते मान्य करतात.

आक्षेप असा की मोठ्या प्रकल्पाचे पैसे टनांवर मिळतात. जितका कचरा जास्त, तितके बिल जास्त. अशा करारात कचरा कमी करण्याची किंवा सुका माल आधीच वेचकांकडे वळवण्याची ओढ कुणालाच राहत नाही. दुसरे, भट्टीत जाळलेले प्लॅस्टिक ‘प्रक्रिया झालेले’ या रकान्यात जाते, पण त्याचे पुन्हा प्लॅस्टिक होत नाही. नागरिकाला हे दोन रकाने वेगळे दिसायला हवेत, ही मागणी रास्त वाटते.

तिसरी भूमिका: हे काम आधीच कुणीतरी करते आहे

तिसरा पक्ष म्हणतो की भारतात पुनर्चक्रणाचा उद्योग पालिकांनी उभारलेला नाही, तो वेचकांनी आणि भंगारवाल्यांनी उभारला. लखनौत हे काम करणाऱ्यांत आसामच्या बारपेटासारख्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. रिकाम्या प्लॉटवर झोपड्या, शेजारी वर्गीकरणाचे ढीग, आणि पहाटे ठेला घेऊन वस्तीत फेरी. पालिकेच्या दृष्टीने असे खासगी ठेलेवाले अनधिकृत ठरतात. कचरा परस्पर जातो, शुल्क बुडते, नको तो भाग नाल्याकाठी टाकला जातो, असा तिचा आक्षेप आहे आणि अशा ठेल्यांवर तिने कारवाया केल्या आहेत. ठेलेवाल्यांचे म्हणणे असे की आम्ही रोज वेळेवर येतो म्हणून लोक आम्हाला बोलावतात, आम्हाला परवाना द्या आणि नियम सांगा. कागदपत्रांच्या तपासण्यांमुळे यांच्या डोक्यावर सतत टांगती तलवार असते, आणि उद्या कुठे असू हे माहीत नसलेल्या माणसाकडून कायमस्वरूपी व्यवस्थेची अपेक्षा करणे कठीण.

या भूमिकेचा सर्वांत भक्कम आधार पुण्यात आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्यांच्या, विशेषतः पौर्णिमा चिकरमने आणि लक्ष्मी नारायण यांच्या, खटपटीतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. वेचक बायांनी प्रथम ओळखपत्र मिळवले, मग आरोग्य विमा. २००१च्या एका अभ्यासाने मांडले की प्रत्येक वेचक महिन्याला सुमारे २४६ रुपयांचे श्रम पालिकेला फुकट देते. जो माल ती उचलते, तो वाहून नेण्याचा खर्च पालिकेला पडत नाही. या हिशेबाने चर्चेचा सूर बदलला. वेचकांविषयीची कणव मागे पडली आणि देण्याघेण्याची गोष्ट सुरू झाली. २००८ मध्ये वेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. घराकडून महिन्याचे शुल्क वेचकाला मिळते आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही त्याचेच. साडेतीन हजारांच्या आसपास माणसे, त्यांत बहुसंख्य बाया, यावर घर चालवतात.

पुण्याची व्यवस्थाही निर्धोक नाही. कराराच्या नूतनीकरणावर वारंवार वाद झाले, वस्त्यांतून शुल्क वसूल होण्यात अडचणी येतात, आणि यंत्रावर चालणाऱ्या गाड्यांचे ठेकेदार पर्याय म्हणून उभे असतात. शिवाय पुण्यातल्या बहुतेक वेचक मराठी दलित बाया होत्या, शहरात त्यांची मुळे होती, मागे चळवळ होती. लखनौतल्या स्थलांतरितांपाशी यातले काही नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सफाई कामगारांसाठीच्या ‘नमस्ते’ योजनेत वेचकांचा समावेश केला. तिच्यातून मिळणारी नोंदणी आणि आरोग्य कवच ही लखनौत या दिशेने पहिली पायरी ठरू शकते.

चौथी भूमिका: पुनर्चक्रणावर भिस्त ठेवू नका

चौथा पक्ष मुळातच सावध आहे. २०१७ मध्ये संशोधक रोलंड गेयर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की २०१५ पर्यंत जगात झालेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचेच पुनर्चक्रण झाले. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतात. प्लॅस्टिक दर फेरीला कमअस्सल होते. पाण्याच्या बाटलीचा धागा होतो, धाग्याचा गालिचा, आणि गालिच्याचे पुढे सहसा काहीच होत नाही. कच्चे तेल स्वस्त झाले की नवे प्लॅस्टिक जुन्यापेक्षा स्वस्त पडते आणि गोदामात माल पडून राहतो. वेगळे ठेवा, सारे ठीक होईल, असे सांगत राहिले तर कंपन्या पुड्या काढत राहतील आणि लोकही निर्धास्तपणे घेत राहतील, अशी त्यांची भीती आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या उत्पादक-जबाबदारीच्या नियमांनी वेष्टने बनवणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याचे बंधन घातले. पण २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला पुनर्चक्रणाची सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे सापडली. म्हणजे कागदावर गोळा झालेले प्लॅस्टिक रस्त्यावरच होते.

आरोग्याचा मुद्दाही याच पक्षाने लावून धरला. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी इलेक्ट्रॉनिक कचरा जाळून तांबे काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले. त्याची राख आणि धूर माती, पाणी आणि मुलांच्या शरीरात उतरतो. वस्तू पुन्हा वापरात आली म्हणजे वस्तीचा फायदा झालाच असे नाही. ती कुठे, कशी आणि कोणाच्या फुफ्फुसांच्या जिवावर आली, हे पाहावे लागते.

काय सुटलेले नाही

चारही भूमिका समोर ठेवल्या तर काही प्रश्न अजून उघडे आहेत.

पहिला, वर्गीकरण मोजायचे कसे? लखनौत ७० टक्क्यांहून अधिक कचरा उगमापाशी वेगळा होतो, असा सरकारी दावा आहे. घरात वेगळा झालेला कचरा गाडीत आणि हस्तांतरण केंद्रात वेगळाच राहतो का, हे मोजल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही. दोन बादल्या एकाच डब्यात उलटताना एकदा पाहिलेले घर पुन्हा सहसा मेहनत घेत नाही.

दुसरा, ओल्याच्या खताला गिऱ्हाईक कोण? मिश्र कचऱ्यातून झालेल्या खतात काचेचे तुकडे आणि जड धातू येण्याचा धोका असतो, म्हणून शेतकरी कचरतो. फक्त ओल्यापासून केलेले खत चांगले असते, पण ते शेतापर्यंत नेण्याचे भाडे कोण देणार, हे ठरलेले नाही.

तिसरा, सुक्या मालावर हक्क कुणाचा? घराचा, वेचकाचा, ठेकेदाराचा की पालिकेचा? चांगला सुका माल कंपनीच्या गाडीत गेला तर वेचकाची रोजी जाते. वेचकाने आधीच उचलला तर कंपनीचा प्रकल्प तोट्यात जातो. पुण्याने याचे उत्तर वेचकाच्या बाजूने दिले. लखनौत ते अजून कागदावर आलेले नाही.

चौथा, ज्याला कुणी विकत घेत नाही त्या पुड्यांचा आणि सॅनिटरी पॅडचा खर्च कुणी सोसायचा? घराच्या शुल्कातून की उत्पादकाच्या खिशातून? नव्या नियमांनी सॅनिटरी कचरा वेगळा करायला सांगितला, ही वेचकांच्या दृष्टीने दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण आजवर तो त्यांनी उघड्या हातांनी उचलला. पुढची व्यवस्था मात्र शहरागणिक ठरायची आहे.

हिशेब कुठे येऊन थांबतो

इतके मतभेद असूनही चारही पक्ष एका जागी एकत्र येतात. फायदा निर्माण होतो तो वेगळे करण्याच्या क्षणी. घरातल्या बादलीपाशी असो किंवा गोदामातल्या ढिगापाशी, कुणाच्या तरी हातांनी कागद ओल्यापासून सोडवला म्हणून गिरणीला लगदा मिळतो, गाडीची फेरी वाचते, डोंगर वाढत नाही. आणि नेमक्या याच कामाला साखळीत सर्वांत कमी मोल आहे. घराला त्याचे रद्दीपुरते पैसे मिळतात, वेचकाला जेमतेम दिवसाचे पोट, आणि वाचलेल्या जागेचा, इंधनाचा, खर्चाचा मोठा वाटा पुढे निघून जातो. वर्गीकरण टिकत नाही, त्यामागे हे मोठे कारण आहे, असे मला वाटते. लोकांना समज नाही हे म्हणणे सोपे आहे, पण नक्खासच्या शहराला जुन्या वस्तूची किंमत कळत नाही असे कुणी म्हणू नये.

लखनौने यंत्रे उभी केली आहेत आणि ते काम मोठे आहे. आता त्यांच्यापर्यंत स्वच्छ, वेगळा माल पोहोचवणाऱ्या माणसांचा वाटा ठरवायला हवा. त्यासाठी दर वॉर्डाचा हिशेब लोकांसमोर यावा: किती कचरा वेगळा आला, त्यातला किती पुन्हा वस्तू झाला, किती जाळला, किती पुरला, किती वेचक नोंदले गेले आणि त्यांना काय मिळाले. या सहा आकड्यांवरून घराला कळेल की आपली मेहनत कामी आली की नाही, आणि वेचकाला आपला हक्क मागायला आधार मिळेल. २००३मध्ये हा हिशेब नव्हता. आज तो मांडणे शहराला नक्कीच शक्य आहे, आणि नवे नियम लागू होत असताना त्याहून योग्य वेळ येणार नाही.